मसाल्याचे ‘संरक्षण’ आणि मूत्रपिंड : हळदविषयक प्रयोगसाहित्याची चिकित्सा

प्रास्ताविक

भारतीय घरातील मसाल्याचा डबा हा चवीचा जितका, तितकाच घरगुती औषधांचाही डबा मानला गेला आहे. हळद हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. चरकसंहितेत हरिद्रेची गणना विषघ्न द्रव्यांच्या गणात केलेली आढळते. जखमेवर हळद दाबणे, खोकल्यावर हळद-दूध घेणे या गोष्टी कोणी मुद्दाम शिकवाव्या लागत नाहीत. गेल्या सुमारे पाव शतकात या परंपरागत विश्वासाला प्रयोगशाळेची परिभाषा लाभली. ‘अमुक औषधामुळे उंदरांच्या मूत्रपिंडास होणाऱ्या इजेवर अमुक मसाल्याचा संरक्षक परिणाम’ अशा आशयाचे शोधनिबंध मोठ्या संख्येने प्रसिद्ध होऊ लागले. हळद, कलौंजी, लसूण, आले, मेथी, दालचिनी असे द्रव्य बदलते. जेंटामायसिन, सिस्प्लॅटिन, पॅरासिटामॉल असे औषध बदलते. निष्कर्ष मात्र बहुधा एकच असतो. मसाल्याने मूत्रपिंडाचे रक्षण केले.

या निष्कर्षातील ‘संरक्षण’ हा शब्द नेमका किती अर्थ वाहतो आणि तो वाहण्याइतका पुरावा प्रयोगात असतो काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचनासाठी हळद व तिच्यातील करक्युमिन हे रंगद्रव्य निवडले आहे. कारण याच द्रव्यावर सर्वाधिक काम झाले असून, प्राण्यांवरील प्रयोगांपासून रुग्णांवरील चाचणीपर्यंतचा प्रवास त्याच्याच बाबतीत तपासता येतो.

औषधजन्य इजेचे स्वरूप

मूत्रपिंड हे रक्त गाळणारे इंद्रिय आहे. म्हणूनच शरीरातून बाहेर पडणाऱ्या अनेक औषधांचा भार त्याच्यावर पडतो. १९६३ साली ज्ञात झालेले जेंटामायसिन हे प्रतिजैविक गंभीर जंतुसंसर्गात आजही उपयोगी पडते. मात्र गाळल्या गेलेल्या औषधाचा काही अंश मूत्रपिंडातील समीपस्थ नलिकेच्या पेशी आत ओढून घेतात. तेथे तो साठत जातो आणि पेशी निकामी होऊ लागतात. उपचार घेणाऱ्यांपैकी साधारण १० ते २५ टक्के रुग्णांत मूत्रपिंडाच्या कार्यात काही ना काही घट दिसते, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात.

सिस्प्लॅटिनची कथा याहून गंभीर आहे. बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ च्या सुमारास प्लॅटिनमच्या संयुगांचा पेशीविभाजन रोखणारा गुण जिवाणूंवरील प्रयोगात योगायोगाने आढळला. १९७८ साली अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली आणि वृषणाच्या कर्करोगासारख्या आजारात त्याने क्रांती घडविली. परंतु हे औषधही समीपस्थ नलिकेच्या पेशींत शिरते. ते घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांच्या मूत्रपिंडास इजा होते. म्हणजे जे औषध रुग्णाचा प्राण वाचविते, त्याचीच मात्रा मूत्रपिंडासाठी कमी करावी लागते. या पेचातून सुटका करणारे एखादे स्वस्त, सहज उपलब्ध द्रव्य मिळावे ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तेव्हा या विषयावरील संशोधनाचा हेतू क्षुल्लक नाही, हे प्रथमच नोंदविले पाहिजे.

प्रयोगाचा साचा

या प्रकारच्या बहुतेक निबंधांचा आराखडा सारखा असतो. पांढऱ्या उंदरांचे चार किंवा पाच गट केले जातात. प्रत्येक गटात बहुधा सहा प्राणी. पहिल्या गटास काहीच नाही, दुसऱ्यास केवळ घातक औषध, तिसऱ्यास केवळ मसाल्याचा अर्क आणि उरलेल्यांस औषधाबरोबर अर्काच्या कमी-अधिक मात्रा. काही दिवसांनी रक्तातील युरिया व क्रिएटिनिन मोजले जाते. मूत्रपिंडाच्या ऊतीतील मॅलोनडायअल्डिहाइड, ग्लुटाथायोन, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज यांचे मापन होते. ऊतीचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. अर्क दिलेल्या गटात इजा कमी दिसली, की अँटिऑक्सिडंट गुणामुळे संरक्षण झाले असा निष्कर्ष काढला जातो.

या आराखड्याचे मोल नाकारता येणार नाही. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’मध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲड्रियामायसिनमुळे उंदरांच्या मूत्रपिंडास होणारी इजा करक्युमिनने रोखल्याचे दाखविले गेले, आणि त्या काळी हा निष्कर्ष खरोखर नवा होता. जेंटामायसिनच्या बाबतीतही २००५-०६ च्या सुमारास अशाच स्वरूपाचे अभ्यास झाले. आक्षेप या पहिल्या प्रयोगांवर नाही. प्रश्न आहे तो पुढील वीस वर्षे तोच प्रयोग द्रव्य आणि औषध बदलून पुन्हा पुन्हा होत राहिला याचा. पहिल्या प्रयोगाने जो प्रश्न निर्माण केला, त्याच्या पुढे जाण्याऐवजी तोच प्रश्न नव्या नावाने विचारला गेला.

साच्यातील पहिली उणीव तुलनेची आहे. प्रयोगात अर्क दिलेल्या प्राण्याची तुलना कोणतेही संरक्षण न मिळालेल्या प्राण्याशी होते. रुग्णालयात मात्र असा असंरक्षित रुग्ण नसतो. सिस्प्लॅटिन देण्यापूर्वी व नंतर शिरेवाटे सलाइन देऊन लघवीचे प्रमाण राखले जाते. मॅग्नेशियमही दिले जाते. जेंटामायसिनच्या बाबतीत दिवसातून एकदाच मात्रा देणे, रक्तातील पातळी तपासणे आणि उपचाराचा काळ आटोपता ठेवणे या उपायांनी धोका बराच कमी होतो. म्हणून डॉक्टरांच्या दृष्टीने खरा प्रश्न ‘हळद काही नसण्यापेक्षा बरी काय’ हा नसून ‘प्रचलित उपायांत हळदीने काही भर पडते काय’ हा आहे. सलाइन दिलेला स्वतंत्र गट ज्यात आहे, असा आराखडा या साहित्यात विरळाच आढळतो.

दुसरी उणीव कारणमीमांसेची आहे. इजा कमी दिसली म्हणजे अँटिऑक्सिडंट गुणानेच ती कमी झाली, असे सिद्ध होत नाही. कदाचित अर्कामुळे औषधच मूत्रपिंडात कमी पोहोचले असेल. मूत्रपिंडाच्या बाह्यकातील औषधाचे प्रमाण मोजल्याखेरीज या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. पेशी मरू लागली की ऑक्सिडेशनचा ताण वाढतोच. तेव्हा हा ताण इजेचे कारण आहे की परिणाम, हाही प्रश्न उरतो. त्यात करक्युमिन स्वतः रंगीत व प्रकाशाने उजळणारे द्रव्य असल्याने, रंगाच्या तीव्रतेवर किंवा प्रकाशउत्सर्जनावर आधारलेल्या चाचण्यांत ते ढवळाढवळ करू शकते. २०१७ साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये आलेल्या विस्तृत आढाव्याने या दोषाकडे लक्ष वेधले. करक्युमिनचे रासायनिक अस्थैर्य आणि प्लासिबोशी तुलना करणाऱ्या काटेकोर द्विअंध चाचण्यांतील अपयशही त्या आढाव्याने मांडले आहे.

मात्रेचा प्रश्न

या निबंधांच्या अखेरीस ‘आहारातील हळदीचे सेवन उपयुक्त ठरू शकेल’ अशा अर्थाचे वाक्य अनेकदा येते. ते तपासण्यासाठी साधे अंकगणित पुरेसे आहे. उंदरांना करक्युमिन शरीरभाराच्या दर किलोस २०० मिलिग्रॅम या मात्रेत देण्याची पद्धत प्रचलित आहे. शरीराच्या पृष्ठफळावर आधारित रूपांतरात ही संख्या सुमारे ६.२ ने भागली जाते. म्हणजे माणसासाठी दर किलोस सुमारे ३२ मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस रोज १.९ ग्रॅम करक्युमिन लागेल. हळदीच्या पुडीत करक्युमिनचे प्रमाण वजनाच्या साधारण ३ टक्के धरले, तर ही मात्रा गाठण्यासाठी रोज ६० ग्रॅमहून अधिक हळद खावी लागेल. वरण-भाजीच्या फोडणीतून माणशी दिवसाला फार तर दोन-तीन ग्रॅम हळद पोटात जाते. तेव्हा प्रयोगातील द्रव्य आणि स्वयंपाकघरातील मसाला यांना एकाच नावाने संबोधणे दिशाभूल करणारे आहे. एक औषधी मात्रेतील रसायन आहे, दुसरा अन्नघटक.

हळद म्हणजे कोणती हळद, हाही मुद्दा येथे येतो. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळदीस त्यापूर्वी २०१६ साली; मेघालयातील लाकाडोंग हळद अधिक करक्युमिनसाठी प्रसिद्ध आहे. वाण, जमीन आणि साठवण यांनुसार करक्युमिनचे प्रमाण बदलते. असे असताना ‘स्थानिक बाजारातून हळद खरेदी केली’ एवढ्याच नोंदीवर उभा राहिलेला प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत जसाच्या तसा करून पाहता येत नाही.

शिवाय पोटात गेलेले करक्युमिन रक्तात फारच थोडे पोहोचते. बंगळूर येथे झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ ग्रॅम करक्युमिनबरोबर मिरीतील पाइपरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर माणसांमधील शोषणात २००० टक्के वाढ आढळली. आज करक्युमिनच्या अनेक गोळ्यांत पाइपरिन असते, ते या निष्कर्षाच्या आधारे. पण पाइपरिन ज्या यंत्रणांना अडवून करक्युमिन टिकवते, त्याच प्रकारच्या यंत्रणा इतर औषधांचाही निचरा करीत असतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे टॅक्रोलिमस हे त्यांपैकी एक. त्याची रक्तातील पातळी वाढली, तर ते स्वतःच मूत्रपिंडास घातक ठरते. म्हणजे संरक्षक द्रव्य शरीरात पोहोचावे म्हणून केलेली योजनाच औषधजन्य इजेचे निमित्त होण्याची शक्यता निर्माण होते. या शक्यतेचा विचार मसाल्यावरील निबंधांत क्वचितच आढळतो.

औषधाच्या मूळ कार्याचा प्रश्न

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र याहून मूलभूत आहे. सिस्प्लॅटिन दिले जाते ते कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठी आणि जेंटामायसिन जंतू मारण्यासाठी. मसाल्याने मूत्रपिंडाची पेशी वाचविली; पण त्याच वेळी कर्कपेशीही वाचविली नाही ना? बहुतेक प्रयोग निरोगी प्राण्यांवर होतात. त्यांच्या अंगात ना गाठ असते, ना संसर्ग. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर त्या आराखड्यात मिळणेच शक्य नाही.

शंका निव्वळ काल्पनिकही नाही. ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर आणि उंदरांतील गाठींवर काही कर्करोगविरोधी औषधांचा होणारा परिणाम करक्युमिनने क्षीण केल्याचे आढळले होते. उलट, करक्युमिनमुळे सिस्प्लॅटिनचा प्रभाव वाढतो असे सांगणारे प्रयोगही उपलब्ध आहेत. दोन्ही बाजूंनी पुरावा असताना गाठ नसलेल्या प्राण्यावरील निष्कर्षातून कर्करुग्णास सल्ला देणे योग्य ठरत नाही. ज्या संरक्षणाची किंमत रोग बळावण्याने चुकवावी लागेल, त्यास संरक्षण म्हणता येणार नाही.

मानवी पुरावा

प्राण्यांवरील यशाची माणसांत परीक्षा झाली तेव्हा काय दिसले? कॅनडातील १० रुग्णालयांत ६०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली ‘कॅनेडियन मेडिकल असोसिएशन जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. पोटातील महारोहिणीच्या फुगवट्यावरील शस्त्रक्रियेच्या सुमारास निम्म्या रुग्णांना चार दिवसांत करक्युमिनच्या प्रत्येकी २ ग्रॅमच्या आठ मात्रा देण्यात आल्या, उरलेल्यांना प्लासिबो. दाह व इजेच्या निदर्शकांत कोणताही लाभ आढळला नाही. उलट मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचे प्रमाण करक्युमिन गटात १७ टक्के, तर प्लासिबो गटात १० टक्के होते.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. येथील इजा शस्त्रक्रियेशी निगडित होती, औषधजन्य नव्हती. आणि एका चाचणीवरून हळद मूत्रपिंडास घातक आहे असेही म्हणता येणार नाही. परंतु प्राण्यांवरील निबंधांच्या राशीवरून ज्या दिशेचे भाकीत केले गेले असते, त्याच्या विरुद्ध दिशेचे हे फळ आहे, एवढे निश्चित.

मूत्रपिंडाच्या क्षेत्रातील हा पहिलाच अपेक्षाभंग नव्हे. क्ष-किरण तपासणीसाठी दिल्या जाणाऱ्या द्रव्यापासून मूत्रपिंड वाचविण्यासाठी एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट उपयोगी पडते, असे २००० साली ८३ रुग्णांवरील एका छोट्या अभ्यासात दिसले आणि जगभर ते वापरात आले. २०१८ साली सुमारे ५,००० रुग्णांवरील मोठ्या चाचणीचे फळ प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचा काहीही लाभ नसल्याचे स्पष्ट झाले. मधली अठरा वर्षे तो उपाय श्रद्धेनेच चालू राहिला.

बाजारातील हळद

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरणही तपासले पाहिजे. बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी वनस्पतिजन्य गोळ्या घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९३ साली प्रकाशात आले. त्यामागे ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती होती. हळदीची गोष्ट अर्थातच वेगळी आहे. रोजच्या जेवणातील हळद पिढ्यान्‌पिढ्या निर्धोकपणे खाल्ली गेली आहे. तथापि हळदीत विद्राव्य ऑक्झलेट बरेच असते. पूरक मात्रेत हळद घेतल्यास लघवीवाटे जाणारे ऑक्झलेट वाढते, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींमध्येच दिसून आले. मुतखड्याचा त्रास असलेल्या रुग्णास ही बाब सांगणे अगत्याचे आहे.

भेसळीचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. रंग उजळावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळण्याचा गैरप्रकार दक्षिण आशियात आढळलेला आहे. बांगलादेशातील या भेसळीवरील अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. शिसे हे मूत्रपिंडास घातक असल्याचे दीर्घकाळापासून ज्ञात आहे. मूत्रपिंड वाचविण्यासाठी चमचाभर जादा हळद घेणाऱ्यास त्यातून शिसेच मिळावे, याहून मोठी विसंगती कोणती? मसाला आणि मूत्रपिंड यांच्या संबंधावर महाविद्यालयीन प्रयोगशाळेला करता येण्याजोगे आणि समाजास तत्काळ उपयोगी पडणारे काम कदाचित येथेच आहे.

संशोधनसंस्कृतीचा संदर्भ

एकच साचा इतका का गिरविला जातो, याचे उत्तर केवळ शास्त्रात सापडणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरीस गुण लावले आणि प्रकाशित निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली. थोड्या महिन्यांत, मर्यादित साधनांत पुरा होणारा आणि प्रसिद्ध होण्याची शाश्वती असणारा विषय अशा वेळी सोयीचा ठरतो. पदवीसाठी धडपडणाऱ्या विद्यार्थ्यास याचा दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु प्रत्येक प्रयोगात तीसेक प्राणी मारले जातात. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक आहे, त्यासाठी त्यांचा बळी देणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अराइव्ह’ मार्गदर्शक तत्त्वांनी प्राण्यांची संख्या कशी ठरविली, गट यदृच्छेने पाडले काय, निरीक्षकास गट ठाऊक होता काय, हे स्पष्ट लिहिण्याची अपेक्षा व्यक्त केली आहे. महाविद्यालयीन नियतकालिकांच्या परीक्षकांनी एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे मागितली, तरी चित्र पालटू लागेल.

येथे हळदीच्याच इतिहासातील एक प्रसंग स्मरणीय ठरतो. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर या विषयावर १९९५ साली अमेरिकेत दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ साली रद्द करविले. तो विजय भावनेच्या बळावर नव्हे, तर जुने ग्रंथ आणि पूर्वप्रकाशित निबंध पुराव्यादाखल मांडून मिळविलेला होता. परक्यांच्या दाव्याला जी कसोटी लावली, तीच आपल्या दाव्यालाही लावणे हे त्या विजयाशी सुसंगत ठरेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, औषधजन्य मूत्रपिंड-इजेवर हळदीचा संरक्षक परिणाम उंदरांमध्ये विशिष्ट परिस्थितीत दिसतो. माणसांत तो सिद्ध झालेला नाही. पुढील प्रयोगास प्रचलित उपायांशी तुलना, मूत्रपिंडातील औषधाचे मापन, गाठ किंवा संसर्ग असलेला प्राणी आणि प्रमाणित द्रव्य या चार अटी घातल्या, तर निबंधांची संख्या घटेल, पण त्यांचे मोल वाढेल. अशा प्रयोगातून मसाल्याच्या बाजूने निष्कर्ष निघाला, तर तो अधिक बळकट असेल.

‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण मराठी समाजाने उतावळ्या अपेक्षेची थट्टा करण्यासाठीच घडविली. परंपरेने हळदीला मान दिला, तसा तिच्याकडून तत्काळ चमत्काराची अपेक्षा धरणाऱ्यास इशाराही दिला. सिस्प्लॅटिनची पुढील मात्रा घेण्यासाठी रुग्णालयात बसलेल्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना कोणी ‘हळदीच्या गोळ्या घ्या, संशोधन झाले आहे’ असे सांगतो, तेव्हा ते संशोधन कोणत्या प्राण्यावर, किती मात्रेत आणि कशाच्या तुलनेत झाले, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. निबंध लिहिणाऱ्यास आणि तो तपासणाऱ्यास मात्र ते ठाऊक असते. निष्कर्षाच्या शेवटच्या वाक्यात ते स्पष्टपणे लिहिणे ही त्यांचीच जबाबदारी आहे.